टेकडीवरच्या समस्त कुत्रेवाल्यांना खुलं पत्र

पुण्याच्या टेकड्यांवर पहाटे-संध्याकाळी आपापलं कुत्रं घेऊन येणाऱ्या मंडळींस,

स. न. वि. वि.

पत्र लिहिणारी मी तुमच्यातलीच. गेली सहा वर्षं कोथरूडच्या बाजूनं वेताळ टेकडी चढते. सोबत ठमी. ठमी गावठी आहे, आता अशांना ‘इंडी’ म्हणायची पद्धत पडली आहे, पण तिला दोन्ही नावांचं सोयरसुतक नाही. रंग नीट भाजलेल्या भाकरीचा, एक कान उभा, दुसरा आडवा. टेकडीवर माझं नाव कुणाला माहीत नाही. ‘ठमीची आई’ एवढीच माझी ओळख. तुमची तरी मला कुठे माहीत आहेत? ब्रूनोचे बाबा, लाडूची ताई, दोन पग घेऊन येणारे आजोबा. आपण एकमेकांना कुत्र्यांच्या नावानं हाक मारतो, त्यांच्या पोटाची चौकशी करतो, आणि एखादा आठवडाभर दिसला नाही तर काळजी करतो, ती कुत्र्याची. मला हे आवडतं. म्हणूनच पुढचं लिहिताना जीव थोडा वरखाली होतोय. नवं बिऱ्हाड करायला निघालेल्याला जुन्या शेजाऱ्यांशी भांडता येतं, मला उद्या सकाळी पुन्हा तुम्हीच भेटणार आहात.

आधी गोडाचं बोलते.

माघ सरत आला की टेकडीचा वास बदलतो, आणि ते आपल्याआधी आपल्या कुत्र्यांना कळतं. थंडीभर ठमी नाक जमिनीला चिकटवून सुतात चालते. शिमगा जवळ आला की नाक वर होतं आणि ती दर वीस पावलांवर थांबून हवा वाचायला लागते. गिरिपुष्पाची पानं गळून फांद्यांना फिक्या गुलाबी फुलांचे घोस लगडलेले असतात. (त्याचं दुसरं नाव उंदीरमारी. नाव उगाच पडलेलं नाही, तेव्हा त्याची साल आणि शेंगा कुत्र्याला चघळू देऊ नका.) काटेसावरीखाली जाड लाल फुलांचा सडा. ठमी त्यातलं एक फूल उचलते, चार पावलं मिरवते आणि थुंकते, हा तिचा रोजचा कार्यक्रम. तांबट पक्षी भांड्यावर ठोके घालावेत तसा एकसुरी टुकटुकत असतो. करंजाला अजून पानं फुटायची असतात, ती फुटतील तेव्हा त्या पोपटी रंगाकडे पाहायला आपण सगळेच न ठरवता थांबू. पहाटे अंगावर शाल लागते आणि नऊ वाजता डोकं तापतं. पुण्याचा फाल्गुन एका सकाळीत दोन ऋतू दाखवतो, आणि ते दोन्ही बघायचे तर कुत्र्यासारखी सोबत नाही. माणूस सोबत असला की बोलत बसतो.

आता मुद्दा.

गेल्या वर्षी गुढीपाडवा होऊन आठवडा झाला असेल. खाणीच्या वरच्या अंगाला एक मुरमाड सपाटी आहे, तिथे मी नेहमीप्रमाणे ठमीची दोरी सोडली. सोडल्यासोडल्या एक टिटवी उठली आणि तिनं जो काही कलकलाट मांडला! मला हसू आलं. मी मोबाइल काढला. टिटवी जमिनीलगत उडत होती, मधेच खाली उतरून एक पंख ओढत लंगडल्यासारखी पळत होती, आणि ठमी तिच्यामागे. मी म्हणतेय, “ठमे, शिव्या घालतेय बघ ती तुला.” व्हिडिओत माझं हसणं स्पष्ट ऐकू येतं. पंधरा-वीस सेकंदांनी ठमीनं तो नाद सोडला. कुत्र्यांना फसवणूक कळते, विशेषतः गावठी कुत्र्यांना. ती उलट फिरली, जिथून टिटवी पहिल्यांदा उठली होती तिथे गेली आणि जमीन चाटायला लागली.

चार अंडी होती. मुरमाच्याच रंगाची, वर काळपट डाग. घरटं असं काही नाहीच, एक उथळ खळगा आणि भोवती मांडलेले खडे. तीन फुटली होती. चौथं शाबूत होतं, पण त्याला ठमीची लाळ लागली होती आणि बलक खड्यांवरून ओघळत त्याच्यापर्यंत आला होता. दोन्ही पक्षी डोक्यावर घिरट्या घालत होते. मी ठमीला ओढत बाजूला नेलं. तिनं शेपूट हलवली. तिच्या लेखी ती छान सकाळ होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. चौथं अंडंही तिथे नव्हतं. कावळ्यानं नेलं असेल, मुंगसानं नेलं असेल. तो व्हिडिओ मी अजून पुसलेला नाही.

त्या दिवसानंतर मी पक्ष्यांविषयी वाचायला लागले, आणि जाणकारांना विचारायला. जे कळलं ते इतकं साधं आहे की पाच वर्षं टेकडी चढून मला ते माहीत नव्हतं याची लाज वाटावी. टिटवीचा विणीचा हंगाम साधारण मार्च ते ऑगस्ट. म्हणजे आपल्याला फिरायला हवा सर्वांत छान असते त्याच दिवसांत ती अंडी घालते, आणि घालते ती उघड्या जमिनीवर. एका वेळी तीन किंवा चार. ती उबवायला २८ ते ३० दिवस लागतात. ‘उबवणं’ हा शब्दही आपल्याकडच्या उन्हाळ्यात अर्धाच खरा, कारण एप्रिलमधल्या तापल्या मुरमावर अंड्यांना ऊब नको असते, सावली हवी असते. नर-मादी आळीपाळीनं अंड्यांवर बसतात, जवळच्या पाण्यात पोटाची पिसं भिजवून येतात आणि त्या ओल्या पोटानं अंडी गार ठेवतात.

हे कळल्यावर माझ्या डोक्यात एक हिशेब सुरू झाला तो थांबेना. समजा आपल्यातल्या एकाही कुत्र्यानं अंड्याला तोंड लावलं नाही. नुसती धावली, खेळली, त्या सपाटीवरून दोनदा इकडून तिकडे गेली. प्रत्येक वेळी टिटवी उठणार, ओरडणार, कुत्र्याला चुकवायला लांब नेणार, आणि तितका वेळ अंडी उघडी. एक कुत्रं गेलं की दुसरं येणार. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात आपण तिथे असतो. तिचा ओरडा ऐकून कावळे जवळच्या बाभळीवर येऊन बसतात, त्यांना तर तो ओरडा म्हणजे जेवणाची घंटाच. मी हे नंतर स्वतः पाहिलं.

आणि टिटवी निदान ओरडते तरी. तित्तर गवताच्या बुडाशी अंडी घालतो. चंडोल जमिनीवर घरटं करतो. रातवा तर खळगासुद्धा करत नाही, पाचोळ्यावर नाहीतर मातीवर तशीच अंडी ठेवतो, बहुधा दोन. सशाची पिल्लं झुडपाखाली दबून बसतात. यातलं काही आपल्याला दिसत नाही. कुत्र्याला मात्र सगळं दिसतं, नाकानं.

तेव्हा माझं मागणं एका ओळीचं आहे. होळीपासून मृगाच्या पहिल्या पावसापर्यंत टेकडीवर कुत्र्याची दोरी सोडू नका. टिटवीचा हंगाम त्यापुढेही चालतो हे मला माहीत आहे, आणि मी स्वतः ठमीला आता बाराही महिने बांधूनच नेते. पण तुमच्याकडे एकदम वर्ष मागायला गेले तर तुम्ही पत्र इथेच मिटवाल, म्हणून तीन महिने मागते.

तुमची उत्तरं मला पाठ आहेत. ती मीच पाच वर्षं देत होते.

‘आमचा एकदम फ्रेंडली आहे हो.’ असेल. टिटवीला ते कसं कळावं?

‘आमचा लॅब आहे, लॅब शिकार करत नाही.’ लॅबचं पूर्ण नाव लॅब्राडोर रिट्रीव्हर. बंदुकीनं पाडलेली बदकं तोंडात अलगद धरून मालकाला आणून द्यायला ही जात घडवली गेली. तुमच्या लॅबला पक्षी दिसल्यावर जे होतं ते त्याच्या खानदानी कामाची आठवण आहे. चूक त्याची नाही.

‘मुंगूस नाही का खात अंडी? घोरपड नाही का खात?’ खातात, आणि खाल्लीच पाहिजेत, कारण त्यांना घरी गेल्यावर पेडिग्रीची वाटी मिळत नाही. शिवाय अख्ख्या उतारावर मुंगसं किती आणि रविवारी सकाळी आपण किती, हे एकदा मोजून बघा. मी मोजायला गेले तर खाण येईपर्यंत चाळिसाचा आकडा झाला आणि पुढे मोजणं सोडलं.

‘भटक्या कुत्र्यांना आधी सांगा.’ हे उत्तर मात्र मी झटकून टाकणार नाही. टेकडीवर मोकाट कुत्री आहेत, टोळ्या करून फिरतात, ससे मारतात, हे खरंच आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत निर्बीजीकरण, लसीकरण आणि पुन्हा त्याच जागी सोडणं ही रीत ठरवून दिलेली आहे, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आल्यापासून तर ‘कुत्रा’ म्हटलं की माणसं दोन बाजूंना उभी राहतात. त्या वादात मला मत आहे, पण या पत्रात त्याला जागा नाही. मोकाट कुत्र्याच्या दोरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे हे ठरायला वर्षं जातील. ठमीच्या दोरीचं टोक माझ्या हातात आहे.

‘मग बिचाऱ्यानं धावायचं कुठे?’ हा खरा प्रश्न. याचं उत्तर मी शोधलंय आणि ते सांगण्यासाठीच निम्मं पत्र लिहितेय.

बोहरी आळीत जा. तिथे दोरांची दुकानं आहेत. तीस फूट दोर घ्या, फार जाड नको, ओला झाला की जड होतो. एका टोकाला चांगली पितळी क्लिप बसवून मिळते. तो गळपट्ट्याला लावायचा नाही, छातीच्या हार्नेसला लावायचा, नाहीतर कुत्रं वेगात असताना दोर संपला की मानेला झटका बसतो. आणि दोर तळहाताला गुंडाळायचा नाही. माझ्या उजव्या हाताला जो पांढरा वण आहे तो एका खारीच्या कृपेनं आहे. पहिला आठवडा दोर सगळीकडे अडकेल, तुम्हाला माझा राग येईल. दुसऱ्या आठवड्यात कुत्र्याला दोराची लांबी कळते. तीस फुटांत ते हवं तिथे हुंगतं, झुडपाला वळसा घालतं, उडी मारतं, आणि तुम्ही त्याच्या मागे मागे जाता.

या मागे मागे जाण्यात जे आहे ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सोडलेलं कुत्रं आपल्याला फक्त लांबून दिसतं. दोर असला की त्याला काय कळतंय ते दोरातून आपल्या हातात येतं. एप्रिलच्या मध्यावर एका संध्याकाळी ठमी उतारावरच्या पाचोळ्यापाशी थिजली. पुढचा एक पाय वर, शेपूट ताठ, दोर ना सैल ना ताणलेला. मी पाहिलं तर पाचोळा. सुकी पानं, एक दगड, आणखी पानं. तिला पुढे चल म्हटलं, ती हलेना. मग मीही उकिडवी बसले. बऱ्याच वेळानं त्यातल्या एका पानानं डोळा किलकिला केला.

रातवा होता. माझ्यापासून दहा फुटांवर. इतकी वर्षं तिन्हीसांजेला टेबल टेनिसचा चेंडू टप्पे घेत घेत थांबावा तसा त्याचा आवाज मी ऐकत आले होते आणि तो कुठला तरी किडा असावा असं धरून चालले होते. अंगावर पानांच्या शिरा काढाव्यात तशी नक्षी, डोळे मिटून नुसती फट ठेवलेली. ठमी आणि मी उलट्या पावली मागे सरकलो. ती मोकळी असती तर मला एक तपकिरी फडफड दिसली असती आणि मी म्हणाले असते, पारवा असेल.

तीन महिने दोर धरण्याचं आणखी एक कारण आहे, आणि त्यात पक्ष्यांचा संबंध नाही. कुसळं. आपल्या टेकड्यांवरचं ते सोनेरी, फोटोत सुंदर दिसणारं गवत म्हणजे बरंचसं कुसळी. त्याच्या बीला मागे लांब पीळदार शेपूट असतं. ओल लागली की तो पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यानं बी स्क्रूसारखं जमिनीत शिरतं. झाडाच्या दृष्टीनं ही पेरणीची नामी युक्ती आहे. पण कुत्र्याच्या बोटांमधली कातडीही त्याला जमीनच वाटते. कानात गेलं तर कुत्रं मान एका बाजूला कलती ठेवून सारखं डोकं झटकतं. नाकात गेलं तर शिंकांची माळ लागते. टोक मागे वळलेल्या बारीक केसांचं असतं, त्यामुळे आत गेलेलं मागे येत नाही, पुढेच सरकतं. ठमीच्या डाव्या कानातून डॉक्टरांनी एक काढलं तेव्हा तिला गुंगीचं औषध द्यावं लागलं. पायवाट सोडून गवतात सुसाट गेलेल्या कुत्र्याचं घरी आल्यावर एकेक बोट उघडून बघणं हे तुम्हाला करावंच लागतं. केसाळ असेल तर अर्धा तास धरा. त्याच बैठकीत गोचिडीही बघून घ्या, कानाच्या पाळीच्या आतून आणि बोटांच्या बेचक्यात. त्या ऊन चढेल तशा वाढतात, आणि गोचिडतापानं आडवं झालेलं कुत्रं ज्यांनी पाहिलंय त्यांना मी वेगळं काही सांगायला नको.

उन्हाबद्दल थोडक्यात. मार्चच्या सुरुवातीला पुण्यात सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, एप्रिल संपताना सहाच्या सुमारास. आपलं घड्याळ मात्र वर्षभर एकच गजर वाजवतं. गजर लवकरचा लावा. कुत्र्याच्या अंगाचं तापमान मुळातच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं आणि त्याला आपल्यासारखा अंगभर घाम नाही, धापा टाकूनच काय ती उष्णता बाहेर जाते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही धड जमत नाही. एप्रिलमध्ये आठच्या आत खाली उतरा. खाली आल्यावर डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला नाही टेकवता आली तर त्याला त्यावरून चालवू नका. धाप थांबत नाही, लाळ चिकट झाली, पाय अडखळताहेत असं दिसलं तर अंगभर साधं पाणी ओता, वारा घाला आणि तडक डॉक्टरांकडे न्या. हस्की पाळणाऱ्यांना वेगळा परिच्छेद लिहिला होता, तो खोडला. त्यांना घरचेच पुष्कळ बोलतात.

शहराबाहेर जाणाऱ्यांसाठी. रविवारी कुत्र्याला गाडीत घालून कुठेतरी न्यावं ही इच्छा मला पूर्ण कळते, खिडकीतून बाहेर काढलेलं ते तोंड पाहून निम्मा शीण जातो. पण कवडीला जाणार असाल तर दोर तिथेही सोडू नका. मुळा-मुठेच्या त्या बंधाऱ्यापाशी थंडीत आलेली ब्राह्मणी बदकं मार्च-एप्रिलमध्ये परत निघायच्या तयारीत असतात. हिमालय ओलांडून जायचंय त्यांना. त्याआधी पोटभर खाऊन अंगात चरबी साठवायची असते, आणि आपण ‘गो, गो, गो’ म्हणत त्यांच्यात लॅब सोडतो, का तर उडतानाचा फोटो छान येतो. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याचं तर नावच काढू नका, चिंकाऱ्यांच्या माळावर कुत्र्याचं काम नाही. सिंहगडच्या पायथ्याची पक्ष्यांची दरीही तशीच सोडून द्या.

मग जायचं कुठे? मी पुरंदर तालुक्यात जाते, मैत्रिणीच्या माहेरच्या शेतावर. ज्वारी निघालेली असते, रान मोकळं असतं, आणि मालकाला विचारून सोडलं की ठमी जी सुटते ती बांध ते बांध. विहिरीला कठडा आहे ना एवढं आधी बघायचं. आपल्यापैकी प्रत्येकाचं कुणी ना कुणी सासवडला, भोरला, मुळशीला, शिरूरला असतंच. नसेल तर चार कुत्रेवाल्यांनी मिळून शेतकऱ्याला सकाळचे पैसे द्यावेत, त्यालाही हरकत नसते.

तिथलीच एक गोष्ट. मागच्या उन्हाळ्यात आम्ही गेलो तेव्हा नांगरट चालली होती, आणि रानाच्या मधोमध घोंगडीएवढा तुकडा न नांगरता सोडलेला. चार कोपऱ्यांना चार दगड. मैत्रिणीची आई म्हणाली, “टिटवी बसलीय तितं. राहू द्या म्हनलं महिनाभर.” मग बांधाकडे बोट करून, “दुसरीनं तर पार बांधावर घातलीत. उंचावर घातलीत म्हंजे औंदा पाऊस बरा हाय.” त्यांच्या कुत्र्याच्या गळ्यात लाकडाचं लोढणं होतं. मी विचारलं, याला का? तर म्हणाल्या, “पिल्लं फुटूस्तोवर.” ट्रॅक्टरवाल्याला तासाचे पैसे मोजून, त्याला वळसा घ्यायला लावून एक कुटुंब टिटवीसाठी जागा सोडतं, आणि मी टेकडीवर उभी राहून व्हिडिओ काढत होते.

लहानपणी आजी सांगायची, टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ पडलंच तर तोलून धरायला. तिचीच दुसरी म्हण, टिटवीदेखील समुद्र आटवते. दोन्हींत टिटवीचं हसं आहे की कौतुक, ते मला तेव्हा कळायचं नाही. त्या सपाटीवर एवढासा, दीड वितीचा पक्षी पंख ओढत माझ्या वीस किलोच्या कुत्रीला स्वतःवर घेत होता ते पाहिल्यावर कळलं.

कायद्याचं सांगायचं नव्हतं, पण काहींना त्याशिवाय पटत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या वाचा. पक्ष्यांची अंडी फोडणं, अंडी किंवा घरटी विस्कटणं हे सगळं त्या एका शब्दातच धरलेलं आहे. आणि आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. टेकडीवर गुडघे दुखत असताना चढणाऱ्या आजीबाई आहेत, पहिल्यांदाच आलेली लहान मुलं आहेत. ‘काही करत नाही हो’ हे आपण लांबून ओरडून सांगतो तोवर त्यांच्या काळजाचं पाणी झालेलं असतं. शिवाय आपण पुण्यात राहतो, इथे पाटी लागायला वेळ लागत नाही. बागांच्या फाटकांवर काय लिहिलेलं असतं ते आपण सगळ्यांनी बाहेर उभं राहून वाचलंय. टेकडीवर ती वेळ येऊ नये.

(काठी घेऊन येणाऱ्या काकांनी हे पत्र वाचलंच तर त्यांनाही एक विनंती. दोरीला बांधलेल्या कुत्र्यावर काठी उगारू नका. ते तुमच्या बाजूनं वागतंय.)

शी उचलण्याबद्दल मी काही लिहिणार नाही. ते ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी हे पत्र नाही.

कुणी म्हणेल, ही बाई कुत्र्यांच्या विरोधात गेली. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट मला तुमच्याइतकीच प्रिय आहे. ठमीला मी तूप घालतेच, डॉक्टर नको म्हणत असताना घालते. पण त्या गोष्टीत नामदेवांच्या आणि कुत्र्याच्या मधे टिटवी बसलेली नव्हती.

या वर्षीची टिटवी आली आहे. दोन आहेत, गेल्या वर्षीचीच जोडी का ते सांगता येणार नाही. आठवडाभर त्याच मुरमावर पावलं टाकत जागा बघत होती, परवापासून त्यातली एक सारखी एकाच ठिकाणी बसलेली दिसते. जागा विचारू नका, मी सांगणार नाही. ब्रूनोचे बाबा, तुम्हाला तर मुळीच सांगणार नाही, तुम्ही फोटो ग्रुपवर टाकाल.

या रविवारी सकाळी सहाला मी खाणीच्या अलीकडे, पायवाटा फुटतात तिथे उभी असेन. जादा दोर दोन आणलेत, क्लिपा लावून. ज्यांना घरी न्यायच्या आधी वापरून बघायचाय त्यांनी घ्यावा, उतरताना परत द्यावा. लाडूच्या ताईनं हार्नेस मोठ्या मापाचा आणावा, लाडू मागच्या पावसाळ्यापासून बराच सुधारलाय.

कळावे, लोभ आहेच, तो असाच राहावा.

आपली,
ठमीची आई
कोथरूड, पुणे. होळीनंतरचा बुधवार.